उतरलेले थर कोण मोजणार?

मा. संपादक,

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी कुठल्या पथकाने किती थर लावले, याचा तक्ता आपल्या अंकात आला होता. त्यात आमच्या पथकापुढे ‘५ थर’ एवढंच आहे. आकडा खरा आहे, तक्रार त्याबद्दल नाही.

मी काळाचौकीच्या एका महिला पथकात पहिल्या थराला उभी असते. वय ४३, सकाळी पोळीभाजीचे डबे, रात्री सराव. गुरुपौर्णिमेला नारळ फोडतो तेव्हापासून गोकुळाष्टमीपर्यंत ना पाऊस बघतो ना पाहुणे. (घरचे काय म्हणतात ते इथे नको.) पहिल्या थराला हंडी कधी दिसत नाही. मान खाली, हात पुढचीच्या खांद्यावर. वर काय चाललंय ते खांद्यावरचं ओझं सरकलं की कळतं.

यंदा एका ठिकाणी महिलांसाठी सहा थरांना मोठं बक्षीस होतं. पाच थर उभे राहिले, सहाव्याची मुलगी चढू लागली आणि माझ्या उजव्या खांद्यावर ओझं हललं. तिसऱ्या थरातल्या एकीचा गुडघा लटपटत होता. आमच्या दादांनी लांब शिट्टी मारली. लांब शिट्टी म्हणजे उतरा. वरून एकेक जण खाली आली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मंचावरून माईकवाला म्हणाला, “घाबरल्या वाटतं ताई!” लोक हसले.

आमच्यानंतरच्या पथकाचा सहावा थर लागला, सलामी झाली आणि दुसऱ्या क्षणी सगळा मनोरा कोसळला. दोघींना रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. बक्षीस त्यांना मिळालं. त्या मुलींबद्दल माझ्या मनात काही नाही, त्यांनीही आमच्याएवढाच घाम गाळला असणार. पण आयोजकांनी नेमकं कशाला बक्षीस दिलं?

थर लावण्यापेक्षा उतरवणं कठीण, हे कुठल्याही गोविंदाला विचारा. चढताना अंगात जोर असतो, ढोल वाजत असतात. उतरायला लागतो तोवर मांड्या भरून आलेल्या असतात आणि सलामी झाली म्हणून लक्षही सुटलेलं असतं. पहिला थर तर सगळ्यांच्या आधी उभा राहतो आणि शेवटी सुटतो.

स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मनोरे लावतात, त्यांना ‘कास्टेल’ म्हणतात. २०१० पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. माझ्या भाचीने मला तारागोना शहरातल्या स्पर्धेचे नियम मोबाइलवर वाचून दाखवले. तिथे मनोरा पूर्ण लागून उतरताना कोसळला तर कमी गुण आणि नीट उतरवला तर जास्त. आपल्याकडे २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, विमाही जाहीर केला. पडल्यावर काय मिळेल ते ठरलं. न पडता उतरल्याबद्दल मात्र टाळीसुद्धा नाही.

सगळ्यांना सारखंच बक्षीस वाटा, असं मी म्हणत नाही. २०२५ मध्ये ठाण्यात दहा थर लागले, ते टीव्हीवर बघताना माझाही श्वास अडकला होता. मागणी एवढीच आहे की आयोजकांनी अर्धी रक्कम शेवटची मुलगी जमिनीवर उभी राहिल्यावरच द्यावी. वेळीच शिट्टी मारून सगळ्यांना सुखरूप खाली आणणाऱ्या पथकाला निदान सन्मानचिन्ह द्यावं. आणि आपण तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा: सुखरूप उतरले की नाही.

जिचा गुडघा लटपटला ती मुलगी त्या दिवशी परतताना ट्रकमध्ये कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. रविवारी बाजारात भेटली, गुडघ्याला पट्टा होता. पुढच्या वर्षी येशील ना, असं विचारलं, तर म्हणाली, “काकी, पेपरात आपले पाचच लिहिलेत.”

पहिल्या थरातली एक गोविंदा,
काळाचौकी, मुंबई