तिच्या वतीने कोण बोलणार?

मिरज,
१४ सप्टेंबर

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र पोचले. तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांचा दयामरणावरचा १९७५ सालचा निबंध वर्गात शिकवल्यावर निम्म्या मुलांचे मत फिरले, असे तू लिहिले आहेस, आणि रोज अतिदक्षता विभागात उभा राहणारा भूलतज्ज्ञ म्हणून मला काय वाटते, असे विचारले आहेस. वारशाच्या लोभाने नात्यातल्या सहा वर्षांच्या मुलाला टबात बुडवून मारणारा एक, आणि त्याच हेतूने आत गेला असता मूल आपोआपच घसरून बुडू लागल्यावर हात न हलवता पाहत राहणारा दुसरा; या दोघांत नैतिक फरक नाही, तेव्हा मारणे आणि मरू देणे यांतही मुळात फरक नाही, असा तो युक्तिवाद. तो चोख आहे, पण माझ्या कामाला तो फारसा लागू पडत नाही. टबातल्या मुलाला जगायचे होते, याविषयी वाचकाला तिळमात्र शंका नसते. माझ्यासमोरच्या माणसाला काय हवे आहे, हेच मला ठाऊक नसते, आणि सारे घोडे तिथेच अडते.

अरुणा शानभाग यांचे प्रकरण मी म्हणूनच पुन्हा वाचले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच एका सफाई कामगाराने या तरुण परिचारिकेचा गळा कुत्र्याच्या साखळीने आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात पडून होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिला आता अन्न देणे थांबवावे. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञान सुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ७ मार्च २०११ रोजी तो फेटाळला. मात्र ठरावीक अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालाने प्रथम उघडली. वर्तमानपत्रांनी त्या वाटेवरच रकाने भरले. मला त्या निकालातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: अरुणाची जवळची माणसे कोण, तर अर्जदार लेखिका नव्हेत, तर वर्षानुवर्षे तिची शुश्रूषा करणारे केईएमचे कर्मचारी, असे न्यायालयाने ठरवले, आणि त्यांना ती जगायला हवी होती.

तू म्हणशील, सेवा केली म्हणून दुसऱ्याच्या जिवाविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो का? माझे उत्तर अर्धेच होकारार्थी आहे. पिढ्यानपिढ्यांच्या परिचारिकांनी तिला अंथरुणातच कूस बदलून देत, मऊ केलेले अन्न भरवत, पाठीला जखम होऊ न देता सांभाळले. बेशुद्ध रुग्णाला महिनाभर असे जपणे किती कठीण असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या कामापुढे मान लववावीच लागेल. तिला कोणता घास आवडतो, हे त्यांना ठाऊक होते. पण तिला स्वतःला काय हवे असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि या दोन ज्ञानांची गल्लत निकालाच्या आनंदात झाली, असे मला वाटते. शिवाय ज्या इमारतीत तिच्यावर अत्याचार झाला, तिथल्याच लोकांना तिचे जगणे हा एक प्रकारचा आधारही होता. हा दोष नव्हे. पण माणूस जगवण्यात जगवणाऱ्याचीही गरज असते, हे तत्त्वज्ञांनी टेबलावर ठेवायला हवे.

आता मरू देणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगतो. आमच्याकडे पैसे संपले, की नातेवाईक ‘डामा’ घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो असे लिहून देतात. मागच्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याला असे नेले. व्हेंटिलेटर काढून नळी तशीच ठेवली, वॉर्डबॉय ॲम्ब्युलन्समध्ये बसून श्वास देणारी पिशवी हाताने दाबत राहिला, कारण प्राण घरच्या उंबऱ्याच्या आत जावा असे धाकट्या भावाने हात जोडून सांगितले होते. घरी पोचल्यावर तोंडात तुळशीचे पान ठेवून वॉर्डबॉयने पिशवी दाबणे थांबवले. कोणत्याही वैद्यकीय मंडळाची सही नाही, कोणत्याही न्यायालयाचा कागद नाही. निर्णय कुटुंबाचा की बिलाचा, हे मला सांगता येणार नाही. रेचल्सच्या दोन माणसांऐवजी हा वॉर्डबॉय मुलांपुढे ठेवून बघ.

आणखी एक. उपचार न लावणे सोपे आणि लावलेला काढणे पाप, असे आमच्यातले बहुतेक डॉक्टर मनात धरून चालतात. मला हे भेकडपणाचे वाटते. काढता येणार नाही या भीतीने मग व्हेंटिलेटर लावतच नाहीत, आणि तीन दिवस लावून पाहिला असता तर कदाचित उठून बसला असता असा रुग्ण हातचा जातो. तर्काने पाहिले तर थांबवण्याचा निर्णय हा सुरू न करण्यापेक्षा अधिक माहितीवर घेतलेला असतो, म्हणून तो उलट अधिक जबाबदार ठरायला हवा.

आईंच्या इच्छापत्राविषयी, म्हणजे बोलता न येण्याच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याविषयी, विचारलेस. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी असे आगाऊ निर्देश मान्य केले. तेव्हाची दंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट २०२३ साली काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरीही पुढे उपचार थांबवायला संमती देणारी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे आहेतच, आणि तालुक्याच्या गावी ती जमवणे म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तेव्हा कागद जरूर कर, पण ‘व्हेंटिलेटर नको’ एवढीच ओळ लिहून थांबू नकोस. न्यूमोनियासाठी चार दिवस यंत्र लागले तर तेही नको, असा त्याचा अर्थ कोणी घेईल. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्याचे नाव आईंनी स्वतः सांगावे, आणि ते नाव तुझेच असेल असे गृहीत धरू नकोस. सुमनताई त्यांच्याजवळ जास्त असते.

रेचल्सवर तुझे उत्तर सविस्तर लिही, घाई नाही. आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना सप्रेम नमस्कार.

तुझा,
अनिल