ठराव होईल, पुढचं बोलूया

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ग्रामसभेत विधवाप्रथा बंदीचा ठराव मांडायचं ठरवलंयस हे वाचून फार आनंद झाला. हेरवाडबद्दल विचारलंस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, तिथल्या ग्रामसभेनं ठरवलं की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. यामागे करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची धडपड होती. आपल्या माघारी आपल्या पत्नीवर हे प्रकार होऊ नयेत, असं त्यांनी आधी स्वतःच स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं.

ठराव मंजूर होईल गं. सभेत हात वर करायला कुणाचं काही जात नाही. खरी वेळ येते ती दारात तिरडी बांधणं चाललेलं असताना. पुरुष बाहेर असतात आणि आत चार म्हाताऱ्या पुढं होतात. त्यांतल्या बहुतेक स्वतः विधवा. त्यांचंही कपाळ असंच कुणीतरी पुसलेलं असतं. हे केलं नाही तर गेलेल्याला गती मिळणार नाही, अशी त्यांना मनापासून भीती वाटते. त्यांना दुष्ट समजू नकोस. मात्र त्यांच्याशी आत्ताच बोल, कुणाच्या घरात दुःख नसताना.

आमच्या गल्लीत गेल्या वर्षी एक तरुण मुलगा अपघातात गेला. बायको पंचविशीतली. अंगणवाडीच्या बाई तिला खेटून बसल्या, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले आणि ‘बांगड्यांना हात लावायचा नाही’ एवढंच म्हणत राहिल्या. सासू आधी चिडली, खूप बोलली. मग तीच म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या. माझ्या लेकानं भरलेल्या हाईत त्या.’ पुढं कुणी काही बोललं नाही. अशी एक तरी बाई प्रत्येक गल्लीत तयार कर. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, ते मला म्हणूनच फार मोठं वाटतं. ज्यांच्या हातात वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवला.

आणखी एक. कुंकू लावायचं की नाही हे तिचं तिला ठरवू दे. उद्या ‘ठराव झालाय, लावलंच पाहिजे’ असंही व्हायला नको. हळदीकुंकवाला आणि लग्नघरात तिला मानानं बोलवा. आणि सातबाऱ्याचं विसरू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे, तरी कितीतरी घरांत दीर परस्पर नोंदी करून घेतात. कपाळावर कुंकू राहिलं आणि जमिनीवरचं नाव गेलं, तर तिनं खायचं काय? वारसनोंदीला तिच्याबरोबर तलाठ्याकडे कोण जाईल, हे त्याच सभेत ठरवा.

तारीख पक्की झाली की कळव. मी आदल्या दिवशी येते. तुझ्या आत्याबाई विरोधात आहेत म्हणतेस ना, त्यांच्याकडे आपण दोघी मिळून जाऊ.

तुझीच,
शैला