शिवराक म्हणजे पनीर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे पुण्याच्या एका वाचकाचं पत्र छापून आलं. चार दिवस गोव्यात फिरलो, घरची सगळी शाकाहारी, चारही दिवस पनीर बटर मसाला नाहीतर गोबी मंच्युरियन खाऊन परत गेलो, गोव्याला शाकाहारी जेवण, म्हणजे आमच्या भाषेत शिवराक, माहीतच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर दोन दिवसांनी आपल्यातल्याच कोणीतरी उत्तर दिलं की पालापाचोळा खायचा तर गोव्यात यायचं कशाला, हा नुस्तं, म्हणजे मासळी, खाणाऱ्यांचा मुलूख आहे. दोन्ही पत्रं वाचून डोकं फिरलं, आणि दुसऱ्याने जास्त. पाहुण्याला माहीत नसेल तर ठीक आहे हो, पण घरच्यालाच माहीत नाही?

माझी फोंड्यात छोटी खाणावळ आहे, सात टेबलं, बावीस वर्षं चालवतोय. सोमवारी माझ्याकडे नुस्तं शिजत नाही, आणि तरीही सोमवारी टेबल रिकामं नसतं. येणारी माणसं तीच, जी मंगळवारी बांगड्याचा तुकडा लहान आला म्हणून माझ्याशी भांडतात. सोमवारी तीच गुपचूप मुगागाठी (मुगाची खोबऱ्यातली आमटी) आणि भात जेवतात, वर सोलकढी दोनदा मागतात. कोणी गुरुवार पाळतो, कोणी संकष्टी, कोणी एकादशी, श्रावण तर अर्धं गाव पाळतं. आमच्याकडे "तू शिवराक का?" असं सहसा कोणी विचारत नाही, "आज शिवराक का?" असं विचारतात. म्हणजे शाकाहारी माणूस नसतो, दिवस असतो. हे एकदा डोक्यात बसलं की गोव्याचा स्वयंपाक कळायला लागतो.

प्यू नावाच्या अमेरिकन संस्थेने भारतभर विचारणा करून २०२१ साली अहवाल काढला, त्यात ३९ टक्के लोकांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं, पण मांसावर काही ना काही बंधन पाळतो असं सांगणारे ८१ टक्के निघाले. मधले जे ४२ टक्के आहेत ना, ती माझी सोमवारची गिऱ्हाइकं.

युरोपात गोष्ट वेगळी घडली. तिकडे मांस न खाणाऱ्याला एकोणिसाव्या शतकापर्यंत पायथागोरियन म्हणायचे, तोच भूमितीवाला पायथागोरस. मग १८४७ साली इंग्लंडमध्ये रॅम्सगेट गावात व्हेजिटेरियन सोसायटी निघाली. म्हणजे सभासद व्हायचं, पत्रकं काढायची, एकदा ठरवलं की ठरवलं. गांधीजी १८८८ला लंडनला गेले तेव्हा आईला दिलेल्या वचनापायी अर्धपोटी राहत होते, फिरता फिरता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी हॉटेल सापडलं, तिथेच हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक विकत घेतलं, आणि तोवर वचन म्हणून जे पाळत होते ते पुढे स्वतःच्या पटण्याने पाळायला लागले. पुढे दूध-अंडीही सोडलेल्या डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी १९४४ला व्हीगन हा शब्द काढला. हे सगळं मोठंच आहे, मी नाव ठेवत नाही. पण ही माणसाने आयुष्यभरासाठी घेतलेल्या निर्णयाची गोष्ट झाली. आमची गोष्ट कॅलेंडरची.

आणि कॅलेंडर पाळणारे आम्ही एकटे नाही बरं का. पोर्तुगीजसुद्धा पाळायचे, शुक्रवार आणि ईस्टरआधीचे चाळीस दिवस मांस बंद. त्यांच्यात एक पदार्थ आहे, फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळायच्या, त्याला म्हणतात पेशिन्युश द ओर्ता, म्हणजे बागेतली मासोळी! सोळाव्या शतकात त्यांचे पाद्री-व्यापारी हेच तळण घेऊन जपानला गेले आणि तिथे त्याचं तेंपुरा झालं, आज जगभर जपानी म्हणून खातात. आता आमच्या घरात बघा. नीरफणसाच्या पातळ फोडी, मीठ, हळद, मिरसांगेचं (लाल मिरचीचं) पीठ, वरून रवा, तव्यावर थोड्या तेलात. विसवणाचा, म्हणजे सुरमईचा, तुकडा भाजतो अगदी तस्संच, आणि ताटात जागाही तीच, भाताच्या उजव्या अंगाला. लिस्बनची बाई काय आणि आमच्या मडकई गावची बाई काय, उपासाच्या दिवशी दोघींना मासळीच आठवली. मला हे फार आवडतं.

आता कोणी म्हणेल म्हणजे तुमचं शिवराक हे नुस्त्याची नक्कलच. नाही हो, उलट आहे. एकच हात दोन्ही करतो. उडदामेथी घ्या, वाटण तेच, उडीद-मेथी भाजायची, नारळ, मिरसांग, त्यात बांगडे घाला नाहीतर आंबाडे घाला, आंबाड्याची खाल्लीत तर बांगड्याची आठवण येणार नाही. तिरफळाचं तसंच. बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे आमटीला, तिरफळ लागतं आणि खतखत्यालाही लागतं. खतखतं हे पुण्याच्या त्या वाचकांनी खायला हवं होतं. सुरण, कणगां (एक कंद), मुळा, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, निदान पाच भाज्या तरी हव्यातच, गणेश चवथीला काही घरांत एकवीस घालतात. तूरडाळ शिजवायची, कडक भाज्या आधी, नाजूक मागाहून, मग खोबऱ्याचं वाटण, सोलां (आमसुलं), गुळाचा खडा, आणि अगदी शेवटी ठेचून बी काढलेली तिरफळं. बी राहिली तर कडू होतं, पोरांना हे काम देऊ नये. फोडणी नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, फोडणीशिवाय भाजी कशी, पण तिरफळ जीभ अशी झिणझिणवतं की मोहरी-हिंगाला तिथे कामच उरत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं, फक्त उरायला हवं.

ह्यात दूध कुठे आहे सांगा. तोंडाकात, म्हणजे कडधान्याच्या खोबऱ्यातल्या आमटीत नाही, मुगागाठीत नाही, सोलकढीत नारळाचा रस, मणगणं ही आमची खीर, त्यातही नारळाचाच रस आणि गूळ. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर फॉरेनर व्हीगन म्हणून काय काय शोधत फिरतात, त्यांना बाटलीतलं बदामाचं दूध महागाने विकतात, आणि तिथून चार पावलांवरच्या घरात म्हातारी आळसांद्यांचं (चवळीचं) तोंडाक शिजवत असते जे वॉटसनच्या आधीपासून व्हीगन आहे, फक्त तिला ते माहीत नाही.

पावसाचं पण सांगतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद, मासळीची वीण असते म्हणून. बरेच लोक सांगतात की श्रावण त्यासाठीच पाळतात. मला हे पटत नाही, कारण जून-जुलैत आम्ही पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सुकं नुस्तं मजेत खातो आणि १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात तेव्हा नेमका श्रावण लागलेला असतो नाहीतर तोंडावर आलेला असतो. म्हणजे ताजी मासळी दारात आणि आम्ही तायखिळ्याची (टाकळ्याची) भाजी निवडत बसलेले! धर्माला शास्त्राचं ठिगळ लावायची घाई कशाला. पण बाजार मात्र त्या दिवसांत बघण्यासारखा असतो, तायखिळा, कुड्डुक, तेरें, फागलां अशा पावसाळी भाज्या, आणि रस्त्याच्या कडेला पानात बांधलेली अळमी, म्हणजे रानातली अळंबी. अळमी वारुळावर उगवतात, शेतात लावता येत नाहीत, म्हणून भाव विचारायचा नाही, घ्यायची किंवा पुढे चालायचं.

दुसरी एक गोष्ट ह्या "अस्सल" आणि "प्युअर" वाल्यांसाठी. आम्हा सारस्वतांना कोणी मासे खाण्यावरून टोमणा मारला की आम्ही महाभारतातली गोष्ट काढतो, शल्यपर्वात आहे, बारा वर्षांच्या दुष्काळात सरस्वती नदीने सारस्वत मुनीला मासे देऊन जगवलं आणि म्हणून त्याच्याकडे वेद टिकले. म्हणजे शुद्ध-अशुद्धाचा वाद पुराणातच मिटलेला. अशोकाचा पहिला शिलालेख बघा, राजा स्वतः लिहितो की पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जायचे, आता फक्त तीन, दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही, आणि पुढे हे तीनही मारणार नाही. एवढ्या मोठ्या राजाने अजून पूर्ण सुटलेलं नाही हे दगडावर कोरून ठेवलं. आणि आमचे लोक भाडेकरू ठेवताना त्याच्या फ्रीजमध्ये डोकावतात.

अस्सल म्हणाल तर आमची सकाळची पातळ भाजी आणि पाव. पूर्ण शाकाहारी, गोव्यातला अर्धा कामगार त्याच्यावर कामाला लागतो. त्यातला पाव पोर्तुगीजांचा, बटाटा आणि मिरसांग त्यांनी अमेरिकेतून आणलेली, वाटाणा आणि खोबरं आपलं. ताट हिंदूचं की ख्रिस्त्याचं ते ओळखायला पोर्तुगीजांना दुसरी खूण लागायची. इन्क्विझिशनने, म्हणजे गोव्यातल्या त्यांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली हुकूम काढला त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवू नये हेसुद्धा होतं. चिमूटभर मिठावरून माणूस पकडायचे! अजून माझ्या घरी भातात मीठ घालत नाहीत आणि शेजारच्या ख्रिस्ती घरात घालतात, आणि गुड फ्रायडेला दोन्ही घरांत पेज असते, कारण त्यांचा उपास आणि माझ्या बायकोला पेज आवडते.

मग मेनूत हे का नाही, ते मी खाणावळवाला म्हणून प्रामाणिक सांगतो. पनीर पाकिटात येतं, फ्रीजमध्ये टिकतं, एक लाल ग्रेव्ही केली की तिच्यातून आठ नावांच्या भाज्या निघतात. सुरण सोलायला माणूस मिळत नाही, हाताला खाज सुटते म्हणून नवीन पोरगं दुसऱ्या दिवशी येतच नाही. नारळाचा भाव तुम्हीच छापता. शिवाय टुरिस्ट मेनूत सुरण वाचतो आणि पान उलटतो. माझ्या मेनूतसुद्धा पनीर आहे, शनिवार-रविवारी ठेवतो, लपवत नाही, पण रविवारी रात्री पनीर संपलं की मला वाईट वाटत नाही आणि खतखतं संपलं की आतल्या लोकांना राहिलंय का म्हणून आधी मीच विचारतो.

हॉटेलवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की आठवड्यातून एक दिवस का होईना, एक पदार्थ त्याच्या खऱ्या नावाने लिहा. मिक्स व्हेज इन कोकोनट करी नको, खतखतं लिहा. विचारेल गिऱ्हाईक, विचारू दे, सांगायला तोंड आहे.

आणि पुण्याच्या त्या वाचकांना सांगा, पुढच्या वेळी येणार तर सोमवारी फोंड्यात उतरा. कुठल्याही साध्या खाणावळीत जा, माझ्याकडेच या असं नाही, आणि मेनू मागू नका, आज शिवराक काय आहे ते विचारा. साडेबाराच्या आत पोचा मात्र. आज सोमवारच आहे, हे लिहीपर्यंत सव्वाअकरा झाले आणि तिरफळं अजून ठेचायची राहिलीत, म्हणून थांबतो.

आपला,
एक खाणावळवाला, फोंडा