मनूस, वेलफ्लीटला निघण्याआधी

मालवण
गौरी-गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या अमेरिकेतल्या त्या वेलफ्लीटच्या समुद्रसहलीवरून मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. तू फोन ठेवलास तेव्हा बाबा पेपरामागून काही बोलले नाहीत, पण रात्री जेवलेही नाहीत नीट. म्हणून वहीत लिहिते आहे, भाग्या फोटो काढून पाठवेल. शार्कचा विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवून बसले आहे.

घरी सगळं ठीक. गणपती या वर्षी पाच दिवसांचेच. नारळीपौर्णिमेला तुझ्या नावाने एक नारळ दर्यात सोडला, तो पहिल्याच लाटेबरोबर परत आला, मग बाबांनी कमरेइतक्या पाण्यात जाऊन पुन्हा सोडला. आजीने पाहिलं नाही ते बरं झालं. तुझ्या सहलीचंही तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझे ते दोन फोटो मात्र रोज बघते. एकात शार्कचा इशारा देणारा जांभळा झेंडा, त्यावर पांढरा शार्क, आणि खाली तू हसत उभी. दुसऱ्यात काळा वेटसूट, पाण्यावर नुसतं डोकं. मला आधी वाटलं की सीलचा फोटो पाठवला आहेस. नीट पाहिलं तेव्हा कळलं की ती तूच, आणि त्या क्षणापासून माझी झोप गेली आहे.

तू म्हणालीस, आई, १९३६ नंतर अख्ख्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शार्कच्या चाव्याने एकच माणूस गेला. खरं आहे ते, भाग्याकडून मी सगळं वाचून घेतलं. पण तो एकजण वेलफ्लीटलाच गेला ना गं, न्यूकॉम्ब हॉलो किनाऱ्यावर, १५ सप्टेंबर २०१८ ला, भर दुपारी, बूगी बोर्ड घेऊन खेळताना. २६ वर्षांचा होता. तू मे महिन्यात २६ पूर्ण केलीस. महिनाभर आधी शेजारच्या ट्रूरोला आणखी एकाला चावा बसला होता, तो वाचला.

आणि तुम्हीही सप्टेंबरच निवडलात. घर स्वस्त मिळालं, गर्दी नसते, हे सगळं कळतं मला. पण सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा त्यांचा लेबर डे झाला की बहुतेक किनाऱ्यांवरचे जीवरक्षक जातात, आणि शार्क काही लेबर डे बघून जात नाहीत. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतच तिथे ते सगळ्यात जास्त असतात. टॅग लावलेले शार्क जवळजवळ निम्मा वेळ १५ फुटांहून उथळ पाण्यात असतात, असं तिथल्याच अभ्यासकांना आढळलं आहे. पंधरा फूट म्हणजे आपल्या मागच्या विहिरीत पावसाळ्यात असतं तेवढं पाणी. म्हणून म्हणते, कमरेच्या वर जाऊ नकोस. फोनवर हे मी चार वेळा म्हटलं, आता पाचव्यांदा लिहिलं. माफ कर.

शार्कचा राग नाही मला. तू शाळेत असताना मला समजावायचीस तसं आता मीच बाबांना समजावते. तिथे सील मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं, १९६२ पर्यंत. मग १९७२ च्या कायद्याने सीलना संरक्षण मिळालं, ते हळूहळू परत आले आणि त्यांच्या मागोमाग शार्क आले. दर्या त्यांचा आहे. आपल्याकडे मोरी, म्हणजे लहान शार्कच, जाळ्यात आली की घरात आनंद असायचा. तू झालीस तेव्हा दूध यावं म्हणून आजीने मला सव्वा महिना मोरीचं कालवण खायला घातलं. तिला वास सहन व्हायचा नाही, तरी रोज रांधायची. तू त्याच दुधावर वाढलीस. चिवल्याच्या पोहण्याच्या स्पर्धेत लाटा फोडत तिसरी आलीस, तेव्हा ती किनाऱ्यावर उभी राहून मोठमोठ्याने हाच हिशोब लोकांना सांगत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. अजूनही तो फोटो देवघराशेजारी आहे. माझी मुलगी पाण्याला भ्यावी असं मला कधीच वाटलं नाही, हे तुला ठाऊक असू दे.

आजीचं मात्र विसरू नकोस, दर्याक पाठ दाखव नको गो.

मला भीती दातांची नाही, मिनिटांची आहे. शार्क माणसाला खायला येत नाही, चावा घेऊन सोडून देतो, हे तूच सांगितलंस. पण मांडीतली मोठी धमनी तुटली तर एक चावाही पुरतो. एकतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत मी. तुला आठवत नसेल, तू दुसरीत होतीस. बंदरावर ट्रॉलरच्या विंचमध्ये एकाचा पाय अडकला. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत मी गाडीत त्याच्या जांघेवर मूठ दाबून बसले होते. हाताला मुंग्या आल्या, पण मूठ उचलली नाही. तो वाचला. अजून बाजारात दिसला की थांबतो. त्या दिवशी गाडी होती आणि मी होते. वेलफ्लीटला वाळूचे उंच कडे चढून वर यावं लागतं, फोनला रेंज धड नसते. २०१८ नंतर त्यांनी किनाऱ्यांवर रक्त थांबवायच्या सामानाच्या पेट्या आणि मदतीचे फोन बसवले. उतरण्याआधी ती पेटी कुठे आहे ते बघ. तू एकटीने बघून भागणार नाही, सगळ्यांना दाखव, कारण तुला काही झालं तर ती उघडायला तू नसशील.

बघ, काय लिहून बसले. आईने असं लिहायचं असतं का.

तरी ऐक. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, जखमेच्या वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा. माणूस ओरडला तरी सैल करायचा नाही. किती वाजता बांधला ते लिहून ठेवायचं. तुझ्या मैत्रिणींना एकदा बांधून दाखव, घरात, हसत-खेळत.

पहाटे आणि संध्याकाळी नको. सील दिसले तिथे नको. पाणी गढूळ असेल तर नको. फोनवरचं ते शार्कटिव्हिटी अ‍ॅप काही दाखवत नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस, कारण टॅग नसलेला शार्क कुणी पाहून कळवला नाही तर त्यात दिसतच नाही. आणि एकटी तर मुळीच नको.

नर्सबाईंचं भाषण झालं. तू आता मोठी आहेस, स्वतःचं भाडं स्वतः भरतेस, बर्फात गाडी चालवतेस, मला ज्याची नावंही घेता येत नाहीत त्या यंत्रांवर काम करतेस. बाबा तुझं ते ओळखपत्र लोकांना दाखवतात. मला उगाच वाटत राहतं की अजून माझा हात धरूनच तू पाण्यात उतरावंस.

एक सुचवू? वेलफ्लीटला गोड्या पाण्याची तळी आहेत म्हणे, हजारो वर्षांपूर्वीचा बर्फ वितळून झालेली. एकाचं नाव गल पाँड. पोहायचं तिथे पोह, हवं तेवढं, माझ्या वाटचंही. समुद्र किनाऱ्यावर बसून बघ. आणि उतरलीसच, तर कमरेपर्यंत.

भाग्याकडून दोन टूर्निके तुझ्या पत्त्यावर मागवले आहेत. बुधवारी येतील. गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, वाळूवर नेतेस त्या पिशवीत ठेव, टॉवेलच्या वर.

तुझी
आई