मेळ्यातल्या पाट्या

मा. संपादक,

शहरात सध्या भरलेल्या हस्तकला आणि पुष्प मेळ्याला शनिवारी घरची सगळी मंडळी जाऊन आलो. गर्दी चिक्कार, तर्री-पोह्याच्या स्टॉलवर तर रांग होती. थंडी पडली की नागपूरकराला बाहेर पडायला निमित्तच हवं असतं, तेव्हा मेळा भरवला हे उत्तमच झालं. माझी तक्रार फक्त पाट्यांबद्दल आहे.

ढोकरा कामाची, म्हणजे मेणाच्या नक्षीवरून ओतलेल्या पितळी वस्तूंची, दोन दुकानं समोरासमोर होती. एकात पितळी घोडे ओळीनं मांडलेले, बाराच्या बारा हुबेहूब सारखे. ढोकऱ्यात मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी करतात, वरून मातीचा लेप देऊन भाजतात. मेण वितळून निघून गेलं की त्या पोकळीत पितळाचा रस ओततात. घोडा बाहेर काढायचा तर साचा फोडावाच लागतो. मग हे बारा जुळे आले कुठून? समोरच्या दुकानात बस्तरमधल्या कोंडागावचे कारागीर बसले होते. त्यांच्या घोड्याच्या मानेवर मेणाच्या धाग्यांचे वळ बोटाला लागत होते, पोटाखाली भाजक्या मातीचा एक कणही अडकून राहिला होता. किंमत अर्थात दुपटीच्या वर. आमच्यादेखत एका बाईंनी त्यांना ऐकवलं, "समोरचा तर निम्म्यात देऊन राहिला!" ते काही बोलले नाहीत, फडक्यानं घोडा पुसत राहिले. दोन्ही दुकानांवर पाटी मात्र एकच, 'हस्तकला'.

दुसऱ्या गावची संत्री किंवा पंजाबकडचा किन्नू 'नागपुरी' म्हणून विकला की आपण केवढे चिडतो! आपल्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तसं ते बस्तरच्या ढोकऱ्यालाही आहे. नावाची चोरी आपल्या मालाची झाली तरच डाचावी, असं थोडंच आहे?

फुलांच्या मांडवात तर पाट्यांनी हद्दच केली. अँथुरियम, हेलिकोनिया, ऑर्किड, सगळ्यांवर 'विदेशी फूल' एवढंच. अँथुरियमच्या लाल चकाकीमुळे ते प्लास्टिकचं समजून एक पोरगा नखानं टोकरून पाहत होता आणि त्याची आई त्याला अडवतही नव्हती. तो लाल भाग म्हणजे पाकळी नव्हे, ते रूप बदललेलं पान. खरी फुलं मधल्या दांड्यावर, बारीक टिपक्यांएवढी. हेलिकोनिया मूळची बहुतेक अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, पण आपल्या केळीच्या, कर्दळीच्या गोतातली. एवढं जरी पाटीवर लिहिलं असतं, तरी लोक दोन मिनिटं थांबले असते. (परदेशीच म्हणायचं तर आपला देवळातला पांढरा चाफाही तिकडूनच आलाय.)

आता पदरमोडीची गोष्ट. मागच्या हिवाळ्यात अशाच एका प्रदर्शनातून मी अँथुरियमची कुंडी आणली होती. विकणाऱ्यानं सांगितलं, "रोज पाणी टाका, बस." दमट हवेतलं झाड ते, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो हे त्याला कोणी सांगावं? रोजच्या पाण्यानं मुळं कुजली आणि उरलेली पानं उन्हाच्या झळांनी करपली. नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं, कुंडी कुलरच्या खोलीत ठेवायची, पण थेट झोतात नाही. खाली ओल्या वाळूचं ताट, आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही. हे विकणाऱ्यानंच एका कागदावर लिहून दिलं असतं, तर माझी कुंडी वाचली असती.

आयोजकांना विनंती एवढीच. हातानं घडवलेला माल आणि कारखान्यातला माल वेगवेगळ्या रांगेत मांडावा. दुकानावर कारागिराचं नाव, गाव आणि वस्तू कशी घडते याच्या चार ओळी असाव्यात. कुंडीवर झाडाचं नाव आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते कसं जगवायचं, हे लिहावं. मेळा अजून येत्या रविवारपर्यंत आहे. पुठ्ठे आणि स्केचपेन घेऊन चार जण बसले, तर एका संध्याकाळचं काम आहे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर