आन इदाल्गो मॅडम, नदीकाठाबद्दल मनापासून आभार

आदरणीय इदाल्गो मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची पुण्याची. २०१५ च्या थंडीत पॅरिसला आले, तेव्हा सेन नदीच्या उजव्या काठाने गाड्यांची रांग असायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडेही मुठेच्या पात्रातून रस्ता जातो आणि पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की बंद होतो. नदी पुलावरून जाताना बघायची, एवढंच ठाऊक होतं.

२०१६ मध्ये पॅरिसच्या महापौर म्हणून तुम्ही तो काठ गाड्यांना बंद केलात. १९६७ पासूनचा रस्ता. लोक केवढे चिडले! उपनगरांतून येणाऱ्यांना वळसे पडले, त्यांचा राग मला समजतो. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तुमचा निर्णय रद्द केला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पुढच्याच महिन्यात तुम्ही नवा आदेश काढलात, या वेळी ऐतिहासिक काठाच्या जतनाचा मुद्दा धरून, आणि तो टिकला. सगळ्यात जास्त आभार त्या एका महिन्याचे. हरल्यावर पुन्हा कागद पुढे ओढून बसायला फार बळ लागतं.

मग माझ्या मुलाच्या शाळेपुढची गल्ली तुम्ही गाड्यांना बंद केलीत. आधी शाळा सुटली की मी त्याचं मनगट इतकं घट्ट धरायचे की वळ उठायचे. आता तिथे मातीचे वाफे आहेत, मुलं खडूने चौकोन आखून लंगडी घालत उड्या मारतात, अगदी आपल्या ठिकरीसारखी. माझ्या हातात फक्त त्याचं दप्तर असतं.

इथली हवा मोजणाऱ्या एअरपारिफ या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २००५ ते २०२४ या काळात इथल्या हवेतले पीएम २.५ हे अतिसूक्ष्म धूलिकण निम्म्याहून कमी झाले. हे श्रेय एकट्या तुमचं नाही. तुमच्या आधी देलानोए महापौर होते तेव्हापासून काम सुरू होतं. पण त्यांच्याबरोबर १३ वर्षं उपमहापौर म्हणून तुम्हीच होतात. लहानपणी स्पेनहून आलेली, पुढे कामगार निरीक्षक झालेली मुलगी या शहराची पहिली महिला महापौर झाली, हे माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईला फार आपलं वाटतं.

तिसऱ्यांदा उभं राहणार नाही, असं तुम्ही २०२४ मध्ये जाहीर केलंत. त्याच वर्षी जुलैत तुम्ही स्वतः सेनमध्ये पोहलात. १९२३ पासून तिथे पोहायला बंदी होती. २०२५ च्या जुलैत घाट सगळ्यांसाठी उघडले आणि बेर्सीला मीही उतरले, कमरेला पिवळा फुगा बांधून. पाणी हिरवट होतं आणि पहिल्या डुबकीला श्वासच अडकला. मुलगा काठावर टॉवेल धरून उभा होता.

संध्याकाळी पुण्याहून आईचा फोन आला. ‘नदीत? म्हणजे नदीतच पोहलीस?’ असं तिने तीनदा विचारलं.

तुमची कृतज्ञ,
पॅरिसमधली एक पुणेकर