थंडीत एचआरव्ही बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंड देशांतील ऊर्जाबचतीच्या घरांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बंदिस्त घरात ताजी हवा घेताना बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब परत मिळवणारे यंत्र, म्हणजे एचआरव्ही, त्यात नेमके समजावले आहे. मात्र कडाक्याच्या थंडीत हे यंत्र आतून गोठू शकते, हा मुद्दा राहून गेला. हिवाळ्यात मुलांकडे कॅनडाला येऊन राहणारे आईवडील आपल्या वाचकांत पुष्कळ असतील, म्हणून हे लिहितो.

यंत्राच्या गाभ्यात पातळ पापुद्र्यांच्या दोन बाजूंनी आतली आणि बाहेरची हवा एकमेकींत न मिसळता वाहते. घरातली 21 अंशांची, 40 टक्के आर्द्रतेची हवा साधारण 7 अंशांपर्यंत निवली की तिच्यातले पाणी सुटू लागते आणि नळीवाटे निघून जाते. बाहेर पारा उणे 5 च्या खाली उतरला की हेच पाणी गाभ्यात गोठायला लागते. वाट अरुंद झाली की उबदार हवा कमी येते, आणि ती कमी आली की बर्फ आणखी धरतो. यंत्र जितके कार्यक्षम तितके ते जाणाऱ्या हवेला अधिक गार करते, त्यामुळे महागडे यंत्र आधी गोठते, हे अनेकांना पटत नाही.

यावर उपाय आहेत, पण ते सारखे नाहीत. बाहेरची हवा आणणारा पंखा काही मिनिटे थांबवणे सर्वांत स्वस्त. पण तेवढ्या वेळात घरातून हवा फक्त बाहेर जाते, आणि शेकोटी किंवा जुना गॅस गिझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात येण्याची भीती असते. विजेवर हवा आधीच तापवणारा हीटर बसवला तर हवा अखंड मिळते, मात्र सेकंदाला 30 लिटर हवा उणे 30 वरून उणे 5 वर आणायला सुमारे एक किलोवॉट वीज लागते. ओलावाही परत घेणारे ईआरव्ही जरा उशिरा गोठते, इतकेच. आमच्याकडे विनिपेगमध्ये बहुधा दिसतो तो प्रकार असा, की झडप बाहेरची वाट बंद करते आणि घरातलीच उबदार हवा काही मिनिटे गाभ्यातून फिरवून बर्फ वितळवते.

घोटाळा इथेच होतो. गेल्या जानेवारीत माझ्या वडिलांना वाटले की दर अर्ध्या तासाने आवाज बदलणारे यंत्र बिघडले आहे, शिवाय वीज खाते आहे. त्यांनी ते सरळ बंद केले. आईचे कपडे आत दोरीवर वाळत होतेच. चौथ्या दिवशी खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ आले आणि चौकटीच्या खालच्या कडेला बोटभर बर्फ जमला.

यंत्र पुन्हा सुरू केले, तरी हवा येईना. झाकण उघडले तर गाभा पांढराफटक, आपल्याकडच्या जुन्या एकदारी फ्रीजचा फ्रीजर महिनाभर बटण न दाबता राहावा तसा. तंत्रज्ञाने पाहिले तेव्हा कळले की झडपेची छोटी मोटर बंद पडली होती, त्यामुळे बर्फ वितळवण्याच्या वेळीही उणे 28 ची हवा आत येत होती. म्हणजे यंत्र खरेच बिघडले होते, वडिलांना भलत्याच खुणेवरून तसे वाटले होते एवढेच. ते मला अजून हे ऐकवतात.

थंडी वाढेल तशी घरातली आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली आणावी, बाहेरच्या तोंडाची जाळी हिमाने बुजली नाही ना हे पाहावे, फिल्टर दोन-तीन महिन्यांनी धुवावा, एवढे घरी येणाऱ्या पाहुण्यालाही करता येते.

लेखातील तक्त्यात कार्यक्षमतेची एकच टक्केवारी दिली आहे. कॅनडात या यंत्रांची चाचणी शून्य अंशाला आणि उणे 25 अंशांनाही होते, आणि दुसरा आकडा सहसा कमी भरतो, कारण बर्फ वितळवण्याचा खर्च त्यात धरलेला असतो. तो रकाना पुढच्या वेळी अवश्य छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
विनिपेग, कॅनडा